साडेसहा महिन्यांचा जॉब

परीक्षा संपलेली असते, निकाल लागायचा असतो. घरात येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, पुढे काय? आपल्याकडे उत्तर नसतं. मग वाटतं, मधल्या काळात लिहिण्याचं काहीतरी काम मिळालं तर बरं. चार पैसे हातात येतील, बायोडेटात एक ओळ वाढेल. पण लगेच मनात येतं, चार-सहा महिन्यांच्या टेम्पररी कामात असं शिकून शिकून काय शिकणार?

1917 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतला एक मुलगा असाच मध्येच लटकलेला होता. शाळा संपली होती. कॉलेजात जायचं मनात नव्हतं. नंतर त्याला एका पेपरात नोकरी मिळाली आणि ती टिकली जेमतेम साडेसहा महिने. पण त्या साडेसहा महिन्यांचा हिशेब तो पुढची चाळीस वर्षं लावत राहिला. त्याचं नाव अर्नेस्ट हेमिंग्वे.

डॉक्टरांचा मुलगा

अर्नेस्टचा जन्म 21 जुलै 1899 चा. शिकागोजवळच्या ओक पार्क गावातला. सहा भावंडांत हा दुसरा. वडील डॉक्टर, आई संगीत शिकवणारी. घर खाऊनपिऊन सुखी, शिस्तीचं, चर्चला जाणारं. उन्हाळ्याची सुट्टी मिशिगनमधल्या तळ्याकाठी जायची. मासे पकडणं आणि शिकार हे वडिलांनीच शिकवलेलं.

शाळेत तो फुटबॉल खेळायचा, पण गडी रमायचा शाळेच्या साप्ताहिकात. ‘ट्रपीझ’ हे त्याचं नाव. त्यात तो सामन्यांच्या बातम्या लिहायचा, टिंगलटवाळीचे लेख लिहायचा. शिकागोच्या पेपरांत तेव्हा रिंग लार्डनर नावाचा विनोदी लेखक गाजत होता, त्याची सहीसही नक्कल करायचा. म्हणजे स्वतःची शैली वगैरे काही नव्हतीच. स्पेलिंगच्या चुका तर इतक्या, की त्या आयुष्यभर पाठीशी राहिल्या. आपलं शुद्धलेखन कच्चं आहे म्हणून लिहायला घाबरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

जून 1917 मध्ये शाळा संपली. वडिलांना वाटत होतं, मुलानं पुढे शिकावं. मुलाला वाटत होतं, युद्धावर जावं. पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिका त्यात उतरली होती. वडिलांनी साफ नकार दिला. शिवाय अर्नेस्टची डाव्या डोळ्याची नजर अधू होती. कॉलेज एकाला नको, युद्ध दुसऱ्याला नको. यातून निघालेली मधली वाट म्हणजे नोकरी.

वशिला होता, पण...

नोकरी मिळाली कशी? खरं सांगायचं तर ओळखीनं. अर्नेस्टचे काका, टायलर हेमिंग्वे, मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत राहायचे. लाकडाच्या धंद्यातले मोठे नाव. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या पेपरातले अग्रलेख लिहिणारे हेन्री हॅस्केल हे काकांचे जुने मित्र. काकांनी शब्द टाकला. ऑक्टोबर 1917 मध्ये अठरा वर्षांचा अर्नेस्ट रेल्वेनं कॅन्सस सिटीत उतरला आणि नवशिका बातमीदार म्हणून रुजू झाला. पगार आठवड्याला 15 डॉलर.

वशिल्यानं दार उघडतं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण आत गेल्यावर टेबलावर जो कोरा कागद असतो, तो काकांना ओळखत नाही. अर्नेस्टला हे पहिल्याच दिवसांत कळलं असणार. कारण त्या पेपरात भरती झालेल्या प्रत्येकाच्या हातात एक लांबलचक कागद दिला जायचा. त्यावर लिहिण्याचे शंभरावर नियम छापलेले असायचे.

तो नियमांचा कागद

सुरुवातच अशी, की वाक्यं छोटी लिहा. बातमीचा पहिला परिच्छेद छोटा ठेवा. भाषा जोरकस हवी. काय नाही ते सांगत बसू नका, काय आहे ते सांगा. विशेषणं टाळा, त्यातही भव्य, देदीप्यमान, शानदार अशी फुगलेली तर नकोच. बोलीतले शब्द वापरायचे तर ताजे वापरा, शिळे झालेले नकोत.

वाचायला सोपं वाटतं. लिहून बघा. आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगची बातमी पन्नास शब्दांत लिहा आणि त्यात ‘उत्साहात’, ‘जल्लोषात’, ‘मोठ्या संख्येनं’ यातलं काही येऊ देऊ नका. मग हॉलमध्ये किती खुर्च्या होत्या, किती पोरं उभी होती, माईक कितीदा बंद पडला, हे सगळं आठवावं लागतं. आठवण्यासाठी आधी बघावं लागतं. त्या नियमांची खरी मेख हीच होती. ते नियम दिसायला लिहिण्याचे होते, पण शिकवायचे बघायला.

आणि नियम नुसते कागदावर नव्हते. पीट वेलिंग्टन नावाचे साहाय्यक शहर संपादक ते पाळून घ्यायचे. माणूस कडक. पाल्हाळ दिसला, की पेन्सिल फिरलीच. शाळेच्या साप्ताहिकात वाहवा मिळवलेल्या पोराला इथे स्वतःची वाक्यं खोडलेली बघावी लागली. रुसून घरी गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो गेला नाही.

पोलीस चौकी, स्टेशन, हॉस्पिटल

अर्नेस्टला बीट मिळालं ते असं: पोलीस चौकी, युनियन स्टेशन हे रेल्वे स्टेशन आणि सरकारी जनरल हॉस्पिटल. चौकीत चोऱ्यामाऱ्या, स्टेशनात येणारेजाणारे बडे लोक, हॉस्पिटलात मारामाऱ्या आणि अपघातांतून आलेले जखमी. ओक पार्कच्या शिस्तीच्या घरातल्या पोराला हे जग नवीन होतं.

वेलिंग्टन यांची त्याच्याबद्दल एक तक्रार असायची. हा पोरगा जागेवर सापडायचा नाही. हॉस्पिटलात बसून माहिती गोळा करायची सोडून, ॲम्ब्युलन्स निघाली की हा आत चढून बसायचा. ऑफिसला कळवायचाही नाही. दुसऱ्यानं सांगितलेलं लिहिण्यापेक्षा स्वतः जाऊन बघायचं, हे वेड तेव्हापासूनचं.

जानेवारी 1918 मध्ये त्यानं हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातल्या रात्रींवर एक वृत्तांत लिहिला. पण बातम्यांवर नाव छापायची तिथे पद्धत नव्हती. त्यानं लिहिलेलं सगळं बिननावाचं छापून आलं. पुढे तो प्रसिद्ध झाल्यावर अभ्यासकांनी जुने अंक चाळून मोजक्या बातम्या त्याच्या म्हणून ओळखल्या, तेवढ्याच.

त्यातली 21 एप्रिल 1918 ची बातमी वाचण्यासारखी आहे. विषय अगदी साधा. कला शिकणाऱ्या मुलींनी सैनिकांसाठी आयोजित केलेला नाचाचा कार्यक्रम. दुसरा कुणी असता तर पाहुण्यांची यादी आणि सजावटीचं कौतुक लिहून मोकळा झाला असता. अर्नेस्टनं बातमी सुरू केली ती हॉलच्या बाहेरून. ओल्या फुटपाथवर, दिव्याच्या उजेडात, बर्फाळ पावसात एक बाई एकटी चालते आहे. मग आत संगीत, नाच, हसणारे सैनिक. शेवटी सगळे घरी जातात आणि बातमी पुन्हा बाहेर येते. बाई अजून चालतेच आहे. ती कोण, कशासाठी फिरते आहे, याबद्दल एक अक्षर नाही. वाचणाऱ्याला मात्र सगळं समजतं.

लिहिणाऱ्याचं वय होतं अठरा. आणि ती नोकरी आता दहा दिवसांची उरली होती.

नोकरी सुटली, कागद सुटला नाही

ऑफिसमध्ये टेड ब्रमबॅक नावाचा एक सहकारी होता. त्याचा एक डोळा काचेचा, तरीही तो फ्रान्समध्ये युद्धावर ॲम्ब्युलन्स चालवून आलेला. ते ऐकून अर्नेस्टला रस्ता सापडला. सैन्य घेत नसेल तर रेडक्रॉस घेईल. एप्रिल 1918 संपला तशी नोकरी संपली. मे महिन्यात दोघंही बोटीत बसले. 8 जुलैला इटलीच्या आघाडीवर, सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटत असताना, अर्नेस्टजवळ तोफगोळा फुटला. दोन्ही पायांत लोखंडाचे तुकडे घुसले. एकोणिसावा वाढदिवस त्यानं मिलानच्या हॉस्पिटलात काढला.

परत आल्यावर पुन्हा तोच प्रश्न, पुढे काय? 1920 मध्ये तो कॅनडातल्या ‘टोरांटो स्टार’साठी लिहू लागला. 1921 च्या शेवटी त्याच पेपरासाठी पॅरिसला गेला. तिथे सकाळी कथा आणि पोटासाठी बातम्या असं सुरू झालं. 1922 च्या डिसेंबरात रेल्वे स्टेशनवर बायकोच्या ताब्यातली बॅग चोरीला गेली आणि तोवर लिहिलेलं जवळपास सगळं गेलं. हातात उरलं ते लिहायचं कसं, एवढंच. ते चोरीला जाण्यासारखं नव्हतं.

1926 मध्ये ‘द सन ऑल्सो रायझेस’ आली, 1929 मध्ये ‘अ फेअरवेल टू आर्म्स’. छोटी वाक्यं, मोजकी विशेषणं, आणि महत्त्वाचं ते न सांगता समजावणं. जगभरचे लेखक त्याची नक्कल करू लागले. 1952 च्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ला पुलित्झर मिळालं आणि 1954 मध्ये नोबेल. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी याच कादंबरीचं ‘एका कोळियाने’ या नावानं मराठी केलं. नोबेलच्याही आधी, चाळिशी ओलांडलेल्या हेमिंग्वेनं एका मुलाखतीत सांगून ठेवलं होतं, की लिखाणाच्या धंद्यात आपण शिकलेले सगळ्यात चांगले नियम त्या कॅन्सस सिटीच्या कागदावरचे होते.

त्याचं आयुष्य सरळ गेलं नाही. चार लग्नं, दारू, अपघात, शेवटी आजार आणि नैराश्य. 2 जुलै 1961 ला त्यानं स्वतःचा जीव घेतला. त्याच्यासारखं जगा असं कुणी कुणाला सांगू नये. त्याच्यासारखं शिकता मात्र येतं.

मग आपण काय बघायचं?

सुट्टीत लिहिण्याचं काम शोधत असाल, तर ते किती महिन्यांचं आहे यावर फार अडून राहू नका. दोन गोष्टी विचारा. पहिली, पैसे देणार का? अर्नेस्ट नवशिका होता, तरी दर आठवड्याला त्याच्या हातात पगार पडायचा. नाव छापू, अनुभव मिळेल, एवढ्यावर बोळवण करणाऱ्यांकडे जरा दुरूनच बघा. त्याचं तर नावही छापलं जात नव्हतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मी लिहिलेलं तिथे कोण वाचणार? वाचून त्यातलं काय चुकलं ते सांगणारं, रेघ मारणारं माणूस आहे का? की दिवसाला अमुक शब्द टाका आणि विसरून जा असा मामला आहे? दुसऱ्या प्रकारात बोटं थकतात, हात सुधारत नाही.

असा वेलिंग्टन भेटला, तर चार महिनेही पुरतात. आणि त्यानं तुमचा आवडता परिच्छेद खोडला, तर रुसून घरी जाऊ नका. तो कागद जपून ठेवा.