विश्लेषण : बर्फवाल्याच्या अंगणात तंबू लागले आणि ‘स्टर्जिस रॅली’ उभी राहिली… कोण होते ‘पॅपी’ होएल?

अमेरिकेतील साऊथ डकोटा राज्यातले स्टर्जिस हे जेमतेम सात हजार वस्तीचे गाव. दरवर्षी ऑगस्टमध्ये दहा दिवसांसाठी या गावात काही लाख मोटारसायकलस्वार येऊन थडकतात. २०१५ मध्ये तर हा आकडा सात लाखांच्या वर गेल्याचा अंदाज राज्याच्या वाहतूक विभागाने दिला होता. मुख्य रस्त्यावर दोन्ही कडांना आणि मधोमधही गाड्यांच्या रांगा, आजूबाजूच्या माळावर तंबूंची वस्ती, रात्री संगीताच्या मैफली असा हा सोहळा असतो. त्याची सुरुवात कोणा कंपनीने केली नाही की पर्यटन खात्यानेही केली नाही. ती केली धंदा बुडालेल्या एका बर्फविक्रेत्याने आणि त्याच्या पत्नीने. क्लॅरेन्स ऊर्फ ‘पॅपी’ होएल आणि पर्ल होएल ही त्यांची नावे.

बर्फाच्या लाद्या ते ‘इंडियन’ मोटारसायकल…

होएल यांचा जन्म १९०४ चा. घरचा व्यवसाय बर्फाचा. घरोघरी शीतकपाट येण्यापूर्वी हा धंदा अमेरिकेच्या थंड प्रदेशात चांगला चाले. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यातून करवतीने लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात दडवून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात घरोघरी, दुकानोदुकानी पोहोचवायच्या. काम अंगमेहनतीचे होते, पण गिऱ्हाईक बांधलेले असे. विजेवर चालणारे फ्रिज आले आणि हे गिऱ्हाईक वर्षागणिक गळू लागले. त्यातच १९२९ नंतरची महामंदी आली. साऊथ डकोटात तिच्या जोडीला दुष्काळ, धुळीची वादळे आणि टोळधाड होती. शेतकरी जमिनी सोडून चालले होते, बँका बुडत होत्या. अशा काळात, १९३६ मध्ये, होएल यांनी बर्फाऐवजी मोटारसायकली विकायचे ठरवले आणि ‘इंडियन’ या कंपनीची एजन्सी घेतली.

इथे एक खुलासा करायला हवा. या ‘इंडियन’चा भारताशी संबंध नाही. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम यांनी १९०१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. एके काळी ती हार्ले-डेव्हिडसनची सर्वात मोठी प्रतिस्पर्धी होती. पण महामंदीत मोटारसायकल ही गरजेची वस्तू राहिली नव्हती. फोर्डची जुनी मोटार स्वस्तात मिळत होती आणि तीत अख्खे कुटुंब बसत होते. म्हणजे होएल यांनी एक बुडता धंदा सोडून दुसरा तितकाच डळमळीत धंदा धरला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. गाडी विकायची तर आधी ती चालवण्याची हौस निर्माण करावी लागणार होती. त्यासाठी सोबती हवेत, जायला जागा हवी आणि एखादा दिवस ठरलेला हवा. हे होएल यांना उमगले होते, असे त्यांच्या पुढच्या पावलांवरून दिसते. त्याच वर्षी त्यांनी परिसरातील स्वारांना जमवून ‘जॅकपाइन जिप्सीज’ हा क्लब काढला. जॅकपाइन हा एक पाइन वृक्ष.

‘जिप्सी टूर’ म्हणजे काय?

क्लबच्या नावातील ‘जिप्सीज’ हा शब्द होएल यांच्या मनचा नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेत ‘जिप्सी टूर’ची प्रथा रुजली होती. ठरलेल्या दिवशी वेगवेगळ्या गावांतून स्वारांनी निघायचे, एका ठिकाणी जमायचे, तंबू ठोकायचे, एकत्र जेवायचे, गाडीवरचे खेळ खेळायचे आणि परतायचे. न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनियाची रॅली याच परंपरेतली आणि स्टर्जिसपेक्षा जुनी. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने, म्हणजे ‘एएमए’ने, अशा सहलींना मान्यता द्यायला आणि त्यांचे नियम ठरवायला सुरुवात केली. एकसारखा गणवेश घालून येणाऱ्या नीटनेटक्या क्लबांना बक्षिसेही असत. (रोमा समाजासाठी वापरला जाणारा ‘जिप्सी’ हा शब्द आज अनेकांना अवमानकारक वाटतो. त्या काळी मात्र तो मोकळ्या भटकंतीसाठी सर्रास वापरला जाई.) या मोकळ्या भटकंतीलाही कुंपण होते. १९५० च्या दशकापर्यंत ‘एएमए’चे दार कृष्णवर्णीयांना बंद होते.

अंगणातली छावणी…

१४ ऑगस्ट १९३८ रोजी स्टर्जिसमध्ये ‘ब्लॅक हिल्स क्लासिक’ भरली. कार्यक्रम तसा छोटेखानी होता. अर्ध्या मैलाच्या मातीच्या धावपट्टीवरची शर्यत, बोटांवर मोजता येतील इतके स्पर्धक आणि थोडके प्रेक्षक. शर्यत जॉनी स्पीगलहॉफ याने जिंकली. त्या काळच्या अशा मेळ्यांत फळ्यांच्या भिंती फोडून जाणे, उतरंडीवरून उड्या मारणे, मोटारीला समोरून धडक देणे असले जिवावरचे प्रकारही होत. मातीवरच्या शर्यतीची रीतही वेगळीच. डावीकडे वळत राहायचे, मागचे चाक घसरू द्यायचे आणि डाव्या पायाच्या बुटाला बांधलेल्या पोलादी पट्टीवर तोल सावरायचा.

पण स्टर्जिसला पुढच्या वर्षी परत यावेसे वाटले ते केवळ शर्यतीमुळे नव्हे. लांबून आलेल्या स्वारांनी राहायचे कुठे, हा प्रश्न होता. हॉटेलांत तेवढ्या खोल्या नव्हत्या आणि असत्या तरी मंदीच्या काळात खिशात पैसे नव्हते. होएल दाम्पत्याने आपल्या घरामागचे अंगण मोकळे केले. तिथे तंबू लागले. पर्ल यांनी स्वयंपाकाचा भार उचलला. ज्यांच्याकडे गाडी विकत घ्यायला आलेले गिऱ्हाईक म्हणून पाहता आले असते, ते पाहुणे म्हणून जेवून गेले. रॅलीच्या इतिहासात शर्यती आणि विजेते यांची नोंद होते, या स्वयंपाकघराची होत नाही. खरे तर ‘संस्थापक’ म्हणून दोघांचीही नावे घ्यायला हवीत.

पाहुण्यांना फिरवायला होएल यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे ब्लॅक हिल्सचे डोंगर. गटागटाने रपेट निघे. कस्टर स्टेट पार्कमधील गवव्यांचे, म्हणजे बायसनचे, कळप, सुळक्यांमधून गेलेला नीडल्स हायवे आणि माऊंट रशमोर अशी ही वाट. रशमोरच्या कड्यावर चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरण्याचे काम १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९४१ पर्यंत चालले. पहिल्या काही वर्षांतल्या स्वारांना त्यामुळे काम चालू असलेला डोंगरच पाहायला मिळे. रूझवेल्ट यांच्या चेहऱ्याचे अनावरण झाले तेच १९३९ मध्ये. जवळचा आयर्न माऊंटन रोड तर असा आखलेला आहे, की त्यावरच्या बोगद्यांतून बाहेर पडताना समोर नेमके रशमोर दिसावे. मोटारसायकलवाल्यांना वळणांचा रस्ता लागतो आणि तो इथे आयताच होता. १९४२ मध्ये युद्धामुळे पेट्रोलवर नियंत्रण आले आणि रॅली भरली नाही. युद्धानंतर मात्र गर्दी पुन्हा वाढू लागली.

हॉलिस्टरचा डाग आणि स्टर्जिसची पत…

१९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या गावी अशीच एक ‘जिप्सी टूर’ भरली होती. अपेक्षेपेक्षा किती तरी जास्त लोक आले, दारू झाली, रस्त्यांवर हुल्लडबाजी झाली. प्रत्यक्ष नुकसान मर्यादित होते, पण वृत्तपत्रांनी आणि ‘लाइफ’ साप्ताहिकातल्या एका छायाचित्राने मोटारसायकलस्वाराची गुंड अशी प्रतिमा देशभर पक्की केली. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोच्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटाने ती पडद्यावर नेली. त्याच वर्षी ‘इंडियन’ कंपनीचे उत्पादनही बंद पडले. होएल यांच्या दृष्टीने हा दुहेरी फटका होता. विकायची गाडी गेली आणि ती चालवणाऱ्याची अब्रूही गेली.

तरीही स्टर्जिसमध्ये मेळा भरत राहिला. याचे मोठे श्रेय होएल यांच्या गावातल्या पतीला जाते. येणारा स्वार हा कोणाच्या तरी ओळखीचा असे आणि यजमानही गावातलाच असे. गावातल्या दुकानदारांना या पाहुण्यांचा पैसा हवा होता आणि त्यांच्या वागण्याची हमी द्यायला होएल होते. १९६० च्या दशकात कार्यक्रमात चढणीची शर्यत आणि मोटोक्रॉस यांची भर पडली. मुक्काम दोन-तीन दिवसांवरून लांबत गेला. होएल यांचे ‘पॅपी’ हे घरगुती नाव, म्हणजे आपल्याकडचे ‘अप्पा’ किंवा ‘बाबा’, याच काळात सर्वतोमुखी झाले.

गर्दी अंगणात मावेनाशी झाली तेव्हा…

अंगण अपुरे पडल्यावर तंबू गावच्या बागेत, सिटी पार्कमध्ये गेले. पण काही हजारांचा जमाव हा पाहुणा राहत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे नशा, मारामाऱ्या, आगी लावणे असे प्रकार वाढले. गावकऱ्यांमध्ये रॅली बंदच करावी, असा सूर उमटू लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बागेतल्या मुक्कामावर बंदी आली. छावण्या गावाबाहेर गेल्या आणि तिथेच आजच्या व्यावसायिक कॅम्पग्राऊंडचा जन्म झाला. तंबूची जागा, आंघोळीची सोय, मंच, नामवंत गायक अशा सगळ्याला आता तिकीट होते. गावाची कटकट कमी झाली हे खरे, पण होएल यांच्या अंगणातला नियमही संपला. तिथे राहायला फक्त ओळख पुरत होती.

होएल स्वतः उतारवयात जुन्या माणसांकडे वळले. ‘व्हाइट प्लेट फ्लॅट ट्रॅकर्स’ ही मातीच्या धावपट्टीवरच्या माजी शर्यतपटूंची संघटना त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पांढरी नंबरप्लेट ही त्या खेळात वरच्या श्रेणीची खूण. या शर्यतींत हातपाय मोडून घेतलेल्या, नंतर विस्मृतीत गेलेल्या माणसांना वर्षातून एकदा एकत्र बसता यावे, हा त्यामागचा विचार. १९८९ मध्ये होएल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षीच्या रॅलीला गर्दीने तोवरचे सारे उच्चांक मोडले. पर्ल यांनी हा विस्तार पाहिला. त्यांचे निधन २००५ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी झाले.

हे डोंगर कोणाचे?

रॅलीच्या कथेत बहुधा सुटणारा भाग म्हणजे ब्लॅक हिल्सचे मूळ रहिवासी. १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने हा प्रदेश लकोटा आणि इतर सू जमातींचा म्हणून मान्य झाला होता. पुढे सोने सापडले आणि काही वर्षांतच तो हिसकावला गेला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन बेकायदा घेतल्याचे मान्य करून दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. सू जमातींनी ती आजवर स्वीकारलेली नाही. त्यांना जमीन हवी आहे. स्टर्जिसजवळचा बेअर ब्यूट हा डोंगर अनेक जमातींसाठी उपासनेचे स्थान. तिथे उपवास आणि प्रार्थनेसाठी लोक जातात, आणि ऑगस्टमध्ये पायथ्याशी हजारो इंजिनांचा आवाज घुमत असतो. डोंगराजवळच्या मद्यालयांविरोधात २००६ मध्ये मोठी निदर्शने झाली होती. होएल यांच्या काळी शे-दोनशे गाड्यांनी हा प्रश्न फारसा उभा राहिला नसता. लाखांच्या गर्दीने तो टाळता येण्यासारखा राहिला नाही.

आज या रॅलीचे गणित काय?

२०२० मध्ये करोनाच्या साथीत रॅली घ्यावी का, यावर स्टर्जिसच्या नगरपालिकेने नागरिकांचे मत मागवले. साठ टक्क्यांहून अधिक लोकांनी ती पुढे ढकलावी असे सांगितले. तरीही रॅली झाली. लोक येणारच आहेत, मग निदान तयारी तरी ठेवू, असा नगरपालिकेचा युक्तिवाद होता. त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक वाहने आल्याचा अंदाज आहे. आपल्या गावात कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार गावाच्या हातातून केव्हाच निसटला होता, हे त्या उन्हाळ्यात उघड दिसले. ‘स्टर्जिस’ या शब्दाच्या व्यापारचिन्हावरूनही आयोजक संस्था आणि एका स्थानिक व्यापारी कुटुंबात वर्षानुवर्षे खटला चालला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूने झुकला.

भारतातही गेल्या दोन दशकांत अशा मेळाव्यांचे वेड वाढले आहे. गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डची ‘रायडर मेनिया’ (आताची ‘मोटोव्हर्स’) भरते. २०१३ मध्ये गोव्यातच सुरू झालेला ‘इंडिया बाइक वीक’ काही काळ लोणावळ्याजवळही झाला. पण हे मेळावे कंपन्यांनी आणि आयोजकांनी उभे केलेले आहेत, म्हणजे स्टर्जिस जिथे पोहोचले तिथून त्यांची सुरुवात झाली आहे.

‘इंडियन’ या नावाचे पुढे अनेकदा हस्तांतर झाले. २०११ मध्ये पोलारिस कंपनीने ते विकत घेतले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवी ‘चीफ’ मोटारसायकल जगापुढे आणली ती स्टर्जिसच्याच रॅलीत. होएल यांना १९९८ मध्ये ‘एएमए’च्या हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर स्थान मिळाले. त्यांच्या क्लबला ते एक वर्ष आधीच मिळाले होते. ‘जॅकपाइन जिप्सीज’ आजही चालू आहे. गावाच्या कडेला क्लबच्या मालकीचे मैदान आहे आणि रॅलीच्या आठवड्यात तिथे मातीवरच्या शर्यती आणि चढणीची शर्यत होते.