विश्लेषण : लिव्हरवर्ट आणि आंब्याचे नाते उलगडणारा पुस्तकविक्रेता

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या कातळांना एक हिरवी, चपटी वनस्पती चिकटलेली दिसते. ती लिव्हरवर्ट. तिला ना खरे मूळ, ना फूल, ना बी. आंब्याच्या डेरेदार झाडाशी तिचे काय जुळणार? पण दोघांचे जीवनचक्र एकाच साच्यातले आहे. हा साचा ओळखला तो जर्मनीच्या विल्हेम हॉफमाइस्टर यांनी.

विद्यापीठाबाहेरचा संशोधक

हॉफमाइस्टर यांचा जन्म १८२४ मध्ये लाइपझिगचा. विद्यापीठात ते शिकलेच नाहीत. वडिलांच्या संगीत व पुस्तकांच्या व्यवसायात ते काम करीत आणि फावल्या वेळात सूक्ष्मदर्शक घेऊन बसत. त्यांना लांबचे अगदीच कमी दिसे.

तेव्हा वनस्पतिशास्त्रात श्लायडेन यांचा दबदबा होता. परागनलिकेचे टोकच गर्भ बनते, असे त्यांचे मत. गर्भ बीजांडातील अंडपेशीपासून तयार होतो, हे या दुकानदाराने १८४९ मध्ये दाखवून दिले. पुढे श्लायडेन यांनाही आपले मत सोडावे लागले.

दोन पिढ्यांचे कोडे

खरा धक्का बसला १८५१ मधील ग्रंथाने. हॉफमाइस्टर तेव्हा जेमतेम २७ वर्षांचे होते. लिव्हरवर्ट, मॉस, नेचे, सूचिपर्णी वृक्ष अशा सर्वांत दोन पिढ्या आलटून पालटून येतात, असे त्यांनी मांडले. लिव्हरवर्टचे हिरवे अंग ही नर व मादी पेशी बनवणारी पिढी. नरपेशी पाण्यातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात. फलनानंतर त्याच अंगावर दुसरी पिढी वाढते. ती म्हणजे बीजाणूंची इवलीशी डबी. बीजाणू रुजला की पुन्हा हिरवे अंग.

आंब्यात पारडे नेमके उलटे झुकते. खोड, पाने, मोहोर धरून अख्खे झाड हीच बीजाणूंची पिढी. दुसरी मात्र आक्रसून परागकणात आणि बीजांडातल्या मोजक्या पेशींत उरली आहे. नेच्यात दोन्ही पिढ्या स्वतंत्र जगतात, म्हणून तो मधला दुवा. विशेष म्हणजे डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ यानंतर आठ वर्षांनी आला.

रोस्टॉक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८६३ मध्ये ते थेट हायडेलबर्गला प्राध्यापक झाले, १८७२ मध्ये ट्यूबिंगेनला गेले. १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

उघड्या बियांच्या झाडांतही पोहणाऱ्या नरपेशी असू शकतील, असा त्यांचा अंदाज होता. १८९६ मध्ये जपानच्या हिरासे यांना गिंकोच्या झाडात त्या प्रत्यक्ष दिसल्या.