काचेवर कोरलेली परंपरा
(द्वितीय वर्ष, कला)

काचेच्या पेल्यावरची नाजूक वेलबुट्टी आपण कौतुकाने पाहतो. ती कोरणारा हात मात्र कुणाला आठवत नाही. रोमन काळानंतर मागे पडलेल्या या कलेला युरोपात नवा जन्म देण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, त्या कास्पार लेहमानचे जीवन म्हणूनच जाणून घेण्याजोगे आहे.

लेहमानचा जन्म १५६५ च्या सुमारास उत्तर जर्मनीत झाला. रत्ने व स्फटिक कोरणे हा त्याचा मूळ धंदा. १५८८ मध्ये तो प्राग शहरी आला. केप्लरसारख्या ज्योतिर्विदाला पुढे ज्याने आश्रय दिला, तो सम्राट दुसरा रुडॉल्फ तेथे राज्य करीत होता. १६०१ मध्ये त्याने लेहमानला दरबारात रत्ने कोरण्याच्या कामावर नेमले.

त्या काळी काचेवर हिरेकणीने बारीक रेघा ओढीत. लेहमानने रत्नांची रीत काचेला लावली. पायाने फिरवायची यंत्राची लहानशी तांब्याची चाकी, तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड आणि खालून टेकवलेला पेला, एवढीच सामग्री! काम चालू असताना नक्षी त्या लेपाखाली झाकली जाते. अंदाज बोटांनीच घ्यावा लागतो. आणि जास्त खोल गेलेला घाव पुन्हा भरून येत नाही. सत्ता, कुलीनता व औदार्य यांच्या आकृती कोरलेला त्याचा १६०५ सालचा पेला प्रागच्या संग्रहालयात आहे.

१६०९ मध्ये सम्राटाने काच कोरण्याचा एकाधिकार त्याला दिला. ही विद्या त्याने स्वतःपुरती ठेवली असती, तर त्याला कोण विचारणार होते? पण १६१८ मध्ये न्यूरेंबर्गचा जॉर्ज श्वानहार्ट हा सतरा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे शिकावयास आला. त्याच वर्षी प्रागमध्ये तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली. बाहेर राज्ये कोसळत होती आणि आत एक शिष्य चाकी धरावयास शिकत होता. १६२२ मध्ये लेहमान निवर्तला. त्याचा एकाधिकार शिष्याकडे आला, आणि शिष्याने ही कला न्यूरेंबर्गला नेली. तेथे ती त्याच्या मुलांनीही पुढे चालवली.

आमच्यासारख्यांच्या घरांत कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. आमच्या वडीलधाऱ्यांच्या हातची कसबे कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाहीत. ती आम्ही शिकून घेतली नाहीत, तर त्यांच्याबरोबरच संपतील. सम्राटाची सनद लेहमानला मिळाली. त्याची विद्या मात्र शिष्यामुळे तरली.