इव्हान पोल्झुनोव्ह

बॉयलरमधले पाणी फार उतरले तर पत्रा तापून फुटू शकतो आणि फार चढले तर पाणी वाफेबरोबर इंजिनात शिरते. म्हणून त्याच्यावर पहारा लागतो. हा पहारा इव्हान पोल्झुनोव्ह यांनी यंत्रालाच द्यायला लावला.

१७२८ साली रशियात येकातेरिनबुर्गला एका सैनिकाच्या घरी ते जन्मले. खाणकामाच्या शाळेत शिकून सायबेरियात बार्नाउलच्या धातू कारखान्यात लागले. तिथले भाते पाणचक्कीवर चालत, त्यामुळे नदी सोडून कारखाना हलत नसे. १७६३ मध्ये त्यांनी दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनाचा आराखडा मांडला. बॉयलरमध्ये तरंगणारा फ्लोट ठेवला. पाणी उतरले की फ्लोट खाली जाई व दांडा झडप उघडे. पाणी चढले की झडप बंद. आपल्या टाकीतल्या बॉलकॉकसारखेच! आता हे काम वीज करते: पाणी सळईपासून सुटले की सर्किट तुटते आणि पंप सुरू होतो.

मे १७६६ मध्ये, चाचणीला थोडेच दिवस उरले असताना, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये इंजिनाने भाते चालवले. नोव्हेंबरमध्ये बॉयलर गळू लागला. दुरुस्त करता आला असता, असे मला वाटते. पण इंजिन बंद केले ते कायमचेच.