मीराबेन यांची मातीची कुटी

यवतमाळहून कळंबमार्गे निघून वर्धा नदी ओलांडली, की पुढे सेवाग्राम लागते. भर मे महिन्यातही तेथील बापूकुटीत शिरताच गारवा जाणवतो. गांधीजींच्या नावाने ओळखली जाणारी ही कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारली होती.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील ब्रिटिश नौदलातले ॲडमिरल. रोमां रोलां यांच्याकडून गांधीजींविषयी कळल्यावर त्यांनी शाकाहार, सूतकताई आणि जमिनीवर झोपणे अंगवळणी पाडले. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमतीला आल्या आणि मीराबेन झाल्या.

१९३६ मध्ये गांधीजींनी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायचे ठरवले. झोपडीला शंभर रुपयांहून अधिक खर्च नको, अशी त्यांची अट होती. मीराबेन यांनी गावातल्या घरांसारखेच माती, बांबू, लाकूड आणि कवेलू वापरले. मातीच्या जाड भिंतीतून उष्णता सावकाश आत येते. पडवीमुळे भिंतीवर सावली राहते. या मातीला भट्टी लागत नाही. सिमेंटसाठी मात्र चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. इंधनाचा धूर होतोच, शिवाय चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

पण मातीचे घर म्हणजे आरोग्याची हमी नव्हे. त्याच वर्षी गांधीजींना मलेरिया झाला आणि मीराबेन यांना विषमज्वर. डास आणि दूषित पाणी भिंत कशाची आहे हे पाहत नाहीत. शिवाय भेगा लिंपणे, सारवणे हे दरवर्षीचे काम, आणि ते बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते. त्यामुळे अनेकांनी मातीच्या घराला रामराम ठोकला. पण पत्र्याखालची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते आणि म्हातारी माणसे व लहान मुले उष्माघाताच्या तोंडी जातात. यंत्रात दाबून केलेल्या, थोडे सिमेंट मिसळलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा हा मधला मार्ग आहे. त्या एकसारख्या निघतात आणि लिंपणही कमी लागते. मात्र नुसती काळी माती चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. माती आधी तपासून घ्यावी.

मीराबेन पुढे हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या, जंगले आणि गुरांसाठी झटल्या. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. १९८२ मध्ये ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले. त्यांची कुटी आजही उभी आहे, कारण तिची निगा राखणारे हात आहेत.