हुबळीच्या कारखान्यातून राजकमलपर्यंत : व्ही. शांताराम

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहा, असा आपल्या कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा माणूस, साहित्यिक नव्हे. पण लिहायचेच तर आपल्या गावाशी आणि आपल्या खात्याशी नाते असलेल्या एका माणसाबद्दल लिहावे असे ठरवले.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात कोल्हापूरचा एक पोरगा कामाला होता. दिवसा कारखाना, संध्याकाळी गावातल्या सिनेमाघरात पडेल ते काम. पगार तुटपुंजा, पण चित्रपट फुकटात पाहायला मिळत. हा शांताराम राजाराम वणकुद्रे, म्हणजेच पुढचे चित्रपती व्ही. शांताराम. कारखान्यातल्या माझ्या अनेक सहकाऱ्यांना हे ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी झाला. हुबळीनंतर मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने ते कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. तिथे त्यांनी मिळेल ते काम केले आणि सगळे खाते हाताखालून घातले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यांचीच. देवादिकांच्या कथांच्या त्या काळात कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर आणणे धाडसाचे होते.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी 'प्रभात' काढली. शिवरायांवरच्या चित्रपटाचे नाव 'स्वराज्याचे तोरण' ठेवले, तर इंग्रजांच्या सेन्सॉरला 'स्वराज्य' खटकले. चित्रपट 'उदयकाल' म्हणून आला. १९३५ साली संत एकनाथांवरच्या 'महात्मा'चेही तेच झाले. नावात गांधीजी दिसले, म्हणून त्याचा 'धर्मात्मा' करावा लागला. नाव बदलले तरी अस्पृश्यतेविरुद्धचे म्हणणे तसेच राहिले. प्रेक्षक नाथांचे चरित्र आणि बालगंधर्वांना पाहायला आला आणि तो विचार ऐकून घरी गेला.

प्रबोधनाचा चित्रपट म्हटला की आपल्याला कंटाळवाणे भाषण आठवते. शांतारामबापूंना हे पक्के ठाऊक असावे. गाणी, विनोद, नृत्य, उत्तम छायाचित्रण यांत त्यांनी कुठेही कसर ठेवली नाही. पण त्यांचे चित्रपट ओळीने आठवून पाहिले की मला आणखी एक गोष्ट दिसते. त्यांच्या कथेत बदलावे लागते ते बहुधा प्रतिष्ठित माणसाला.

१९३७ चा 'कुंकू' घ्या. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे यांनी ती अशी उभी केली की दया येण्याऐवजी धाक वाटावा. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, प्रसंगातलेच आवाज ऐकू येतात. आणि म्हातारा खलनायक नाही. तो वकील आहे, समाजात मान असलेला गृहस्थ आहे. शेवटी आपला अन्याय त्याचा त्यालाच उमगतो. थिएटरात बसलेल्या कितीतरी मानकऱ्यांना तो आरसाच वाटला असेल.

१९३९ च्या 'माणूस'मध्ये हवालदार एका वेश्येला मानाने घरी आणू पाहतो. १९४१ च्या 'शेजारी'त हिंदू-मुसलमान जिवलग मित्रांना एक कारखानदार धरणासाठी एकमेकांपासून तोडतो. हिंदी आवृत्तीत हिंदूची भूमिका मझहर खान यांनी आणि मुसलमानाची गजानन जागीरदार यांनी केली. एवढ्या एका निवडीत सगळे सांगून झाले. फाळणीला तेव्हा सहा वर्षे होती.

१९४२ साली 'प्रभात' सोडून त्यांनी मुंबईत 'राजकमल' उभारले. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर १९४६ साली चित्रपट काढला आणि ती भूमिका स्वतः केली. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची. कथा गदिमांची. यातला जेलर सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकून नापीक जमीन पिकवतो. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात बापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. मी तो लहानपणी मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दूरदर्शनवर पाहिला. संदेश वगैरे तेव्हा कळला नाही, पण कैदी परत येतील की नाही या काळजीने जीव टांगणीला लागला होता. १९७२ च्या 'पिंजरा'त पुन्हा गावचे आदर्श गुरुजीच कसोटीला लागतात, आणि तेही लावणीच्या ठेक्यावर.

बापू काही संत नव्हते. स्त्रीच्या बाजूने पडद्यावर इतके बोलणाऱ्या या माणसाची तीन लग्ने झाली. घरच्यांना त्याचा त्रास झालाच असणार. पण म्हणून नीराचे म्हणणे खोटे ठरत नाही.

शेवटी 'दहेज'बद्दल. हा चित्रपट १९५० चा, हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. म्हणजे चित्रपट कायद्याच्या अकरा वर्षे आधी आला. त्यात मुलीचा बाप सर्वस्व विकून हुंडा घेऊन पोचतो, तोवर फार उशीर झालेला असतो. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी असे मला वाटायचे. पण गेल्या वर्षी ओळखीत एक लग्न ठरत होते. मुलगा सरकारी नोकरीत कायम झाला आणि 'अपेक्षा' वाढल्या, शेवटी मोटारीवर आल्या. मुलीच्या वडिलांनी शांतपणे नारळ उचलला आणि बैठक मोडली. मुलाकडचे सगळे शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे होते. बापूंच्या चित्रपटातले प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे आपणच आहोत, हे मला त्या दिवशी पटले.

३० ऑक्टोबर १९९० रोजी बापू गेले. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला, पद्मविभूषण १९९२ साली मरणोत्तर. उत्सवात एका रात्री आपण पडदा लावतोच. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की यंदा 'कुंकू' किंवा 'दहेज' लावावा, आणि पहिल्या रांगेत आपण लग्नाच्या मुलांच्या आई-वडिलांनी बसावे.

गणपती बाप्पा मोरया!