पाण्याने शिकवलेला मोजा

दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, पोटरीवर निळसर शिरा फुगतात. या तक्रारीवर आज डॉक्टर दाब देणारे मोजे सुचवतात. त्यांचे आजचे रूप घडवले कॉनराड जॉब्स्ट या अभियंत्याने आणि तेही स्वतःच्या दुखऱ्या पायांसाठी.

जॉब्स्ट यांचा जन्म 1889 मध्ये जर्मनीत झाला. पुढे ते अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात स्थायिक झाले. ते डॉक्टर नव्हते. यंत्ररचना आणि नवी उपकरणे हा त्यांचा प्रांत. पण पायांच्या शिरांचा आजार त्यांना जडला होता.

शिरांमध्ये रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि शिरांतल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. झडपांचे हे काम विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरणावरील ग्रंथात मांडले होते. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, सूज येते, त्वचा काळवंडते आणि घोट्याजवळ न भरणारी जखमही होऊ शकते.

पायाला पट्ट्या बांधण्याचा उपाय जुनाच. पण पट्टी सैल पडे, दाब कुठे कमी, कुठे जास्त होई. जॉब्स्ट यांच्या लक्षात आले, की पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो. अभियंत्याला कारण उमगले. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो, म्हणजे घोट्यावर तो सर्वाधिक आणि वर कमी कमी. 1950 च्या सुमारास त्यांनी हाच उतरता दाब लवचिक मोज्यात आणला. 1957 मध्ये त्यांचे निधन झाले, पण मोज्यामागचे तत्त्व आजही तेच आहे.

गोंदिया जिल्ह्यातील केशोरीसारख्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत बाया तासन्‌तास वाकून चिखलात उभ्या असतात. चिखलात मोजे उपयोगाचे नाहीत. ओली त्वचा बिघडते. तिथे मधूनमधून चालणे आणि संध्याकाळी पाय उशीवर उंच ठेवून पडणे बरे. दुकानदार, शिक्षक, परिचारिका यांना मात्र मोजे दिवसभर वापरता येतात.

माप सकाळी, सूज येण्यापूर्वी घ्यावे: घोट्याचा सर्वांत बारीक आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर, तसेच गुडघ्यापर्यंतची लांबी. दाब मिलिमीटर पाऱ्यात लिहिलेला असतो. साध्या थकव्याला 15 ते 20 पुरतो. त्याहून जास्त दाब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मोजा उठल्याबरोबर घालावा, सुरकुती राहू देऊ नये, वरची कड दुमडू नये आणि रात्री काढावा.

चालताना पोटरीत गोळे येत असतील, पाय थंड पडत असतील किंवा मधुमेहामुळे बधिर झाले असतील, तर तपासणीआधी मोजे घालू नयेत. धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असल्यास दाबाने इजा होते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पूर्व विदर्भात हत्तीपायाचाही आढळ आहे, म्हणून न उतरणारी सूज थकवा समजून अंगावर काढू नये.